गामेची गार बाटली: बोजोलेच्या लाल वाईनबद्दल वाचकांचे प्रश्न

फ्रेंच वाईन म्हटलं की बोर्डो, फार तर बर्गंडी. बोजोलेचं नाव निघालंच तर नोव्हेंबरात येणारी ती स्वस्त, मिठाईसारख्या वासाची वाईन आठवते. पण माकों ते लियाँ या सुमारे ५५ किलोमीटरच्या डोंगराळ पट्ट्यात, विशेषतः त्याच्या उत्तरेला, लाल वाईनचा एक वेगळाच प्रकार बनतो. तो हलका, सुगंधी असतो आणि गार करून प्यायचा असतो. या महिन्यात निवडलेले सगळे प्रश्न त्याच्याबद्दलचे आहेत.

प्रश्न: नोव्हेंबरमध्ये ऑफिसातल्या मंडळींनी ‘बोजोले नूव्हो’ पाजली. केळ्याचा आणि च्युइंगमचा वास. दोन घोटांपुढे गेली नाही. आता एक सहकारी म्हणतो, त्याच द्राक्षाची चांगली वाईन तू प्यायलीच नाहीस. द्राक्ष तेच, मग फरक कशाने पडतो? (लियाँ, फ्रान्स)

सहकाऱ्याचं ऐका. द्राक्ष तेच आहे: गामे. साल काळी, आतला रस पांढरा. फरक पडतो तो घाईने.

नूव्होची द्राक्षं साधारण सप्टेंबरात तोडतात आणि वाईन नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी विक्रीला येते (हा गुरुवार १९८५ मध्ये ठरला). म्हणजे सगळा खेळ दोन-अडीच महिन्यांत आटोपायचा. टाकीत द्राक्षं जेमतेम चार-पाच दिवस सालीसकट ठेवतात. तेवढ्यात रंग आणि वास उतरतो, पण सालीतला कणखरपणा उतरत नाही. केळ्याचा वास तर द्राक्षाचा नसतोच. तो आयसोअमाइल ॲसिटेट नावाच्या द्रव्याचा. आंबवताना यीस्ट ते तयार करतं, आणि पाकिटातली काही यीस्टं भरभरून करतात. काही महिन्यांत हा वास आपोआप विरतो. नूव्हो त्याआधीच पिऊन संपते, म्हणून तो तिच्या कपाळी चिकटला.

उत्तरेकडच्या दहा ‘क्रू’, म्हणजे वरच्या दर्जाच्या पट्ट्यांच्या वाईनला नूव्हो म्हणून विकायला कायद्याने मनाई आहे. ती दहा-बारा दिवस, कधी वीसेक दिवस सालीवर राहते, हिवाळा टाकीत किंवा जुन्या मोठ्या पिपांत काढते आणि लवकरात लवकर पुढच्या वसंतात बाहेर येते. तिच्यात लाल चेरी, रासबेरी, व्हायोलेटची फुलं, मिरीची झाक आणि पहिल्या पावसात भिजलेल्या दगडासारखं काहीतरी असतं. केळं नाही.

गामेची बदनामी तशी जुनीच. १३९५ मध्ये बर्गंडीचा ड्यूक, धाडसी म्हणवला जाणारा फिलिप, याने ही ‘दुष्ट आणि बेइमान’ वेल उपटून टाकण्याचा हुकूम काढला. भरघोस पीक देते आणि पातळ वाईन करते, हा तिच्यावरचा आरोप. बर्गंडीच्या चुनखडीच्या जमिनीत त्यात तथ्यही होतं. दक्षिणेला बोजोलेच्या ग्रॅनाईटवर मात्र वेल आवरती राहते, मणी लहान धरतो आणि चव घट्ट होते. ड्यूकने हाकललेली वेल योग्य घरी पोचली म्हणायची.

नूव्होवर राग धरू नका. तोडणीनंतर दोन महिन्यांत हातात रोकड येणं कुठल्या शेतकऱ्याला नको असतं?

प्रश्न: दुकानात फ्लरी, मोर्गों, ब्रुई अशी नावं दिसली. काही बाटल्यांवर ‘बोजोले’ हा शब्दच नव्हता. यांपैकी पहिली बाटली कोणती घ्यावी? (पुणे)

शब्द नसणं ही चूक नाही. क्रूची बाटली त्या पट्ट्याच्या नावावर खपते, आणि नूव्होची सावली नको म्हणून बरेच उत्पादक ‘बोजोले’ लिहायचं टाळतात. म्हणून दहा नावं ओळखीची हवीत. उत्तरेकडून दक्षिणेकडे: सँतामूर, ज्युलिएना, शेना, मुलाँ-आ-व्हाँ, फ्लरी, शिरूब्ल, मोर्गों, रेन्ये, ब्रुई, कोत द ब्रुई. रेन्ये सगळ्यांत धाकटं, १९८८ मध्ये दाखल झालं.

पहिली बाटली फ्लरीची घ्या. जमीन गुलाबी ग्रॅनाईटची, वाईन फुलांच्या वासाची, रेशमी. गामे म्हणजे काय ते पहिल्याच घोटात कळतं. दुसरी मोर्गोंची. तिथल्या ‘कोत द्यू पी’ या टेकडीवरचा खडक इतका झिजलेला आहे की गावकरी त्याला ‘सडका खडक’ म्हणतात. वाईन गडद, पिकलेल्या चेरीची, थोडी मांसल. मोर्गोंचा हा स्वभाव इतका ठरलेला की फ्रेंचमध्ये त्याचं क्रियापदच झालंय: वाईन मुरून अशी झाली की ती ‘मोर्गोन’ करते म्हणतात. या दोन बाटल्या शेजारी शेजारी उघडल्या तर बाकीच्या आठांचा अंदाज आपोआप येतो.

मुलाँ-आ-व्हाँ या नावाचं गाव नाही. रोमानेश-तोरँ इथल्या पवनचक्कीवरून नाव पडलं. दहांतली सगळ्यांत भारदस्त वाईन ही. कोवळी असताना तुरट लागते, म्हणून घाईत असाल तर घेऊ नका. शिरूब्ल याच्या अगदी उलट: मळे उंचावर, वाईन हलकी, पहिल्या दोन-तीन वर्षांत पिऊन टाकावी. ब्रुई सगळ्यांत मोठं आणि म्हणूनच सगळ्यांत बेभरवशाचं. तिथे गावापेक्षा उत्पादकाचं नाव बघा. त्याच्या मधोमध उभ्या डोंगराच्या उतारावर निळसर दगडात वाढते ती कोत द ब्रुई, जास्त नेमकी आणि ताठ. डोंगरमाथ्यावर द्राक्षांच्या देवीचं चॅपेल आहे. १८५० च्या दशकात बागांवर भुरी हा बुरशीचा रोग आला, तेव्हा त्यापासून रक्षण व्हावं म्हणून ते बांधलं. नाशिककरांना वेगळं समजावून सांगायला नको.

लेबलवर आणखी दोन गोष्टी पाहा. ‘मी झाँ बुतेय ओ दोमेन’ म्हणजे ज्याची बाग त्यानेच बाटली भरली. ‘व्हिएय व्हीन्य’ म्हणजे जुन्या वेली, पण किती जुन्या याला कायद्याची व्याख्या नाही. तेवढ्यासाठी जास्त पैसे मोजू नका. सालही बघा. २०१५, २०१८, २०२२ ही उन्हाची वर्षं, वाईन भरदार, कधी १४ टक्क्यांवर अल्कोहोल. २०२१ थंड, पाऊसपाण्याचं, वाईन सडपातळ. ज्यांना गामे हलकीच आवडते त्यांनी तेच साल शोधावं.

प्रश्न: लाल वाईन ‘रूम टेम्परेचर’ला प्यायची असं सगळे सांगतात. नागपुरात मे महिन्यात घरात ३५ अंश असतात. मग काय करायचं? (नागपूर)

तो सल्ला युरोपातल्या जुन्या, दगडी, न तापवलेल्या घरांचा आहे. तिथली खोली १६ ते १८ अंशांची. आपल्याकडे तो शब्दशः पाळला तर कुठलीही लाल वाईन औषधासारखी लागेल.

बोजोलेला त्याहूनही गार हवं: फ्लरी, शिरूब्ल, ब्रुई १२ ते १४ अंश, मोर्गों, मुलाँ-आ-व्हाँ १४ ते १६. कारण साधं. या वाईनमध्ये तुरटपणा कमी, आंबटपणा जास्त. गारवा आंबटपणाला धार देतो आणि अल्कोहोलचा भपका दाबतो. बोर्डोसारखी तुरट वाईन एवढी गार केली तर जीभ आखडते, म्हणून तिला तो नियम लागत नाही.

करायचं असं. बादलीत किंवा मोठ्या पातेल्यात निम्मा बर्फ, निम्मं पाणी घ्या. बाटली मानेपर्यंत बुडायला हवी. ३५ अंशांवरून १४ वर यायला पंधरा ते वीस मिनिटं लागतात. नुसता बर्फ घालू नका: खड्यांमध्ये हवा राहते, बाटलीला थंडावा नीट लागत नाही, दुप्पट वेळ जातो. नुसत्या फ्रिजवर भिस्त असेल तर दोन ते अडीच तास आधी आत टाका. फ्रीझर टाळा. बाटली विसरली की वाईन गोठून बूच वर सरकतं, मग हवा आत.

जास्त गार झाली तर घाबरायचं नाही. ८ अंशांवर वास मिटतो, थोडा कडवटपणा वर येतो; ग्लास दोन्ही तळव्यांत धरला की पाचेक मिनिटांत खुलते. आपल्याकडे खरी अडचण उलटी असते. ग्लासात ओतलेली वाईन बघता बघता तापते. म्हणून एका वेळी ७५ ते १०० मिलिलिटरच ओता आणि बाटली परत पाण्यात ठेवा. लियाँच्या खानावळींत हीच वाईन जाड बुडाच्या, ४६ सेंटिलिटरच्या ‘पो’ नावाच्या बाटलीतून येते. जाड काच थंडावा धरून ठेवते.

प्रश्न: मुलाने युरोपातून ‘नॅचरल’ मोर्गों आणली. उघडल्यावर जिभेवर चुरचुरली, आणि वास आधी जळक्या काडीचा, नंतर बरा. खराब होती का? (ठाणे)

चुरचुर म्हणजे विरघळून राहिलेला कार्बन डायऑक्साइड. १९८० च्या सुमारास मोर्गोंच्या काही उत्पादकांनी, मार्सेल लापिएर त्यांत आघाडीवर, रसायनतज्ज्ञ ज्यूल शोव्हे यांच्या सांगण्यावरून सल्फर जवळजवळ सोडून दिलं. सल्फर नसलं की वाईनचं हवेपासून रक्षण करायला थोडा वायू मुद्दाम ठेवतात. रुंद जगमध्ये ओता, दोन मिनिटं गोल फिरवा; निघून जातो. जळक्या काडीचा वासही हवेने जातो. तुम्हाला ‘नंतर बरा’ वाटला, त्यावरून बाटली ठीक होती.

काय जात नाही, ते ओळखायला शिका. ओल्या गोणपाटाचा किंवा बुरशीचा वास: बूच बिघडलेलं; परत करा. नेलपॉलिशचा वास: टाकीत ॲसिटिक जिवाणू माजले. गोठ्याचा वास: थोडा असला तर काहींना आवडतो, जास्त झाला की फळ मरतं. सगळ्यांत फसवा दोष उंदराच्या पिंजऱ्यासारख्या चवीचा. ग्लासात वास घेताना काहीच कळत नाही, कारण वाईनच्या आंबटपणात ती द्रव्यं हवेत उडत नाहीत. घोट गिळल्यावर लाळेने आंबटपणा कमी झाला की दहा-पंधरा सेकंदांनी तोंडात उगवते. बिनसल्फरच्या वाईनमध्ये हा दोष जास्त भेटतो, आणि त्यावर घरी उपाय नाही.

प्रश्न: आपल्या जेवणाबरोबर चालेल? (कोल्हापूर)

तांबड्या रश्श्याबरोबर नको. तिखटाची आग अल्कोहोलने भडकते. शिवाय तिथे रस्साच राजा आहे, वाईनला काम नाही.

पण तुरट लाल वायनींपेक्षा गामे मसाल्याशी कितीतरी सलोख्याने राहते. तुरटपणा आणि तिखट एकत्र आले की तोंड भाजतं. इथे तुरटपणाच कमी. दाण्याच्या कुटाची भरली वांगी, मंद मसाल्याचं सुकं चिकन, खिमा, तव्यावरचे मशरूम यांच्याबरोबर गार फ्लरी घ्या. चिंच-कोकमाचं काही असेल तर थांबा: पदार्थ वाईनपेक्षा आंबट झाला की वाईन पाणचट लागते. गोड-आंबट आमटीलाही तेच. लियाँला ती सॉसेज, डुकराचं खारवलेलं मांस, भाजलेली कोंबडी यांच्याबरोबर पितात. स्निग्ध पदार्थाला आंबटपणाची फोडणी, एवढंच तत्त्व.

प्रश्न: आम्ही शाकाहारी, अंडंही नाही. वाईन गाळताना अंड्याचा पांढरा वापरतात म्हणे. खरं का? (मुंबई)

खरं. अंड्याचा पांढरा, दुधातलं केसिन, जिलेटिन, माशाच्या पिशवीचा डिंक ही सगळी वाईन निवळायची जुनी साधनं. ती गाळासोबत तळाशी बसतात आणि काढली जातात. युरोपात अंडं किंवा दूध वाईनमध्ये सापडण्याइतकं उरलं तर लेबलवर लिहावंच लागतं. जिलेटिन आणि माशाचा डिंक मात्र लिहावा लागत नाही. ‘व्हेगन’ असं छापलेली किंवा ‘न गाळलेली, न निवळलेली’ अशी बाटली घ्या. बोजोलेत अशा बऱ्याच मिळतात. तळाशी गाळ दिसेल, घाबरू नका.

प्रश्न: मुलीकडे पॅरिसला चाललोय. किती बाटल्या आणता येतील, आणि इथे किती दिवस टिकतील? (सांगली)

प्रवाशाला ड्युटी न भरता २ लिटरपर्यंत दारू आणता येते. ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर. तिसरी घेतली की मर्यादा ओलांडली. मग या दोन जागा स्वस्त नूव्होवर घालवू नका. तिकडे क्रूची चांगली बाटली साधारण १० ते २५ युरोंत मिळते. तेवढ्या पैशांत बर्गंडीत नाव सांगण्यासारखं फारसं येत नाही. बाटल्या कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेत.

माळ्यावर, फ्रिजच्या डोक्यावर किंवा देवघराशेजारच्या कपाटात ठेवू नका. ३० अंशांच्या वर महिनाभर राहिली तर वाईन शिजते: बूच वर सरकतं, मानेशी चिकट ओघळ दिसतो, चव उकडलेल्या मनुकांची येते. वाईनचं कपाट नसेल तर फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात आडवी. दोन-तीन महिने काही होत नाही. उघडल्यावर बूच लावून फ्रिजमध्येच, दोन ते तीन दिवस.

नीट ठेवायची सोय असेल तर मोर्गों पाच-सात वर्षं आणि मुलाँ-आ-व्हाँ दहा वर्षं सहज जाते. मुरलेल्या गामेला पालापाचोळ्याचा, मशरूमचा वास येऊ लागतो आणि ती पिनो न्वार या बर्गंडीच्या द्राक्षाच्या वाईनसारखी वाटते. फ्रेंच लोक म्हणतात ती ‘पिनोत’ करते. आश्चर्य नाही: डीएनए चाचणीत गामेचा एक पालक पिनो न्वारच निघाला.

प्रश्न: वाईनच्या द्राक्षांची बाग आहे, जवळच्या परवानाधारक वायनरीला माल देतो. बोजोलेची पद्धत आमच्या शिराझवर करून बघायची म्हणतात. टाकीत नेमकं काय होतं आणि आम्ही काय काळजी घ्यायची? (दिंडोरी, नाशिक)

पद्धत द्राक्षाच्या जातीला बांधलेली नाही, अखंड मण्याला बांधलेली आहे. म्हणून अर्धं काम तुमच्याकडेच आहे.

मणी न फोडता कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवला की त्याच्या पेशी ऑक्सिजनशिवाय स्वतःच साखर आंबवू लागतात. यीस्ट लागत नाही. मण्यात दोनेक टक्के अल्कोहोल झालं की पेशी मरतात, मणी मऊ पडून फुटतो. तोवर आतलं मॅलिक आम्ल बरंच कमी झालेलं असतं, सालीतला रंग आतून गरात उतरलेला असतो आणि चेरी-रासबेरीचा तो खास वास तयार झालेला असतो. मिशेल फ्लान्झी यांनी १९३४ मध्ये नारबोनला याचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला. बोजोलेतली टाकी त्याआधीपासून हेच निम्मंशिम्मं करत आली होती. वरच्या वजनाने तळाचे मणी फुटतात, त्यांचा रस यीस्टने आंबतो, त्यातून निघालेला वायू टाकीत भरतो आणि वरचे घड त्यात बुडतात.

तोडणी हाताने, पहाटे. क्रेट अर्धेच भरा. गच्च भरले की खालचे मणी वाटेतच फुटतात. देठ तपकिरी झालेले हवेत, हिरव्या देठाचा कडवटपणा वाईनमध्ये उतरतो. कुजका मणी एकही नको. साखर २१ ते २२ ब्रिक्सला तोडा, नेहमीपेक्षा आधी: या पद्धतीत आम्ल घटतं, देठांतल्या पोटॅशियममुळे पीएच चढतो, आणि आपल्याकडच्या उन्हात तो आधीच चढा असतो.

वायनरीत १०० किलोचा नमुना असा करता येईल. १५ किलो द्राक्षं फोडून तळाशी घालायची आणि त्यात २ ते ३ लिटर आधीच जोमात आंबत असलेला रस घालायचा. हे विरजण फार महत्त्वाचं. ते नसेल तर तळाचा रस दोन-तीन दिवस नुसता पडून राहतो, यीस्टआधी जिवाणू ताबा घेतात आणि वाईनला नेलपॉलिशचा वास येतो. वरून उरलेले ८५ किलो घड हाताने, न दाबता रचायचे. सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड सोडून हवा बाहेर काढायची, झाकण लावून एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न घेणारी झडप) बसवायचा. ३० अंशांच्या आसपास काम आठवड्यात होतं, १५-१८ अंशांवर दोन ते तीन आठवडे लागतात. गार ठेवलं तर वास जास्त स्वच्छ.

रोज झाकण उघडून बघायचा मोह आवरा, प्रत्येक वेळी हवा आत जाते. नमुना काढायच्या तोंडातून एक मणी काढून चिरा: गर गुलाबी आणि जिभेवर चुरचुरणारा हवा. आणि टाकीत डोकं घालू नका. हा वायू हवेपेक्षा जड, तळघरात साचतो, वास येत नाही आणि काही श्वासांत माणूस कोसळतो. पंखा चालू, आणि सोबत दुसरा माणूस असल्याशिवाय टाकी रिकामी करायची नाही.

तळाच्या रसाची घनता १.०२० च्या खाली आली की दाबायला घ्या. एरवी दाबून काढलेला रस दुय्यम असतो. इथे तोच उत्तम, कारण न फुटलेल्या मण्यांतली साखर आणि वास त्यातच असतो. तळाचा आणि दाबून काढलेला रस एकत्र करून १८ ते २० अंशांवर उरलेली साखर संपवायची. दाबयंत्रातून पडणारा हा गोड, गुलाबी, अर्धवट आंबलेला रस बोजोलेत तोडणीच्या दिवसांत लोक ग्लास धरून पितात. त्याचं तिथलं नाव आहे ‘पारादी’, म्हणजे स्वर्ग.